पहिलं नाव सविताचं

प्रिय आई,

झालं! सविताचं संशोधनाचं प्रपोजल मंजूर झालं!

आज सकाळी तव्यावर भाकरी होती, तेवढ्यात तिचा फोन आला. उचलला तर पलीकडून नुसतं रडणं. म्हटलं गेलं, तिसऱ्यांदा गेलं, आता या पोरीला काय सांगू? आणि मग ती हुंदका गिळून म्हणाली, "ताई, झालं वो! मिळालं आपल्याला!" मी ओरडले. मग तीही ओरडली. भाकरीचा पार कोळसा झाला आणि मी गॅससुद्धा बंद केला नाही.

तुमच्या लेकाला, संगमेशला, दुकानात फोन करून सांगितलं. तो म्हणाला, "अरे वा, छान!" आणि पुढच्याच वाक्यात विचारलं, "टॉवेलचा टेम्पो आला का गं घरावरून?" आता मला सांगा, असल्या माणसाबरोबर मी कसा आनंद साजरा करायचा? मला टेबलावर थाप मारून हसणारं माणूस हवं होतं. मला तुम्ही हव्या होतात. म्हणून हे पत्र.

तुम्ही असताना मी तुम्हाला कधी पत्र लिहिलं नाही. एका घरात राहणाऱ्या सासूला कोण पत्र लिहितं? ईमेल मात्र आपण भरपूर केल्या, तेही एकाच टेबलाच्या दोन टोकांना बसून. संगमेश म्हणायचा, या घरात सासू-सुनेची भांडणंसुद्धा अटॅचमेंट लावून होतात!

आठवतं का, हे सगळं कसं सुरू झालं? तुम्ही कॉलेजातून रिटायर झालात, वनस्पतिशास्त्राची पुस्तकं कपाटात गेली, आणि महिनाभरात तुम्ही घरातल्या प्रत्येकाला वैताग आणलात. फोडणी अशी का, पडदे तसे का, कुंडीतल्या तुळशीला पाणी जास्त झालंय. मग एक दिवस तुमचा जुना विद्यार्थी आला. केळीच्या सालीपासून काहीतरी बनवायचं संशोधन होतं त्याचं, टेंभुर्णीकडच्या कॉलेजात शिकवत होता. अनुदानाचा अर्ज फेटाळला गेला होता. तुम्ही तो वाचलात आणि मला हाक मारलीत, "ज्योती, हे बघ गं. याच्याकडं विज्ञान आहे, पण सांगता येत नाही याला."

मी इंग्रजीची एम.ए., क्लासमध्ये मुलांना व्याकरण घोटवत होते. उरलेल्या वेळात आपल्या दुकानातल्या टॉवेलच्या जाहिराती लिहीत होते. तुम्ही म्हणालात, "तुझं इंग्रजी मला दे, माझं विज्ञान तू घे." कुठल्या सासूनं सुनेची इतकी चांगली ओटी भरली असेल, सांगा!

त्या विद्यार्थ्याला पैसे मिळाले आणि मग रांगच लागली. कुणी बॅटरीवर काम करणारं, कुणी ज्वारीच्या किडीवर, कुणी विहिरीच्या पाण्यावर. आलेला प्रत्येक माणूस आधी लॅपटॉप उघडायचा आणि तुम्ही तो बंद करायला लावायचात. समोर कडक भाकरी, शेंगाची चटणी, दही. आणि मग तुमच्या माहेरच्या कानडीत हुकूम सुटायचा, "हेळ्री!" सांगा. स्लाइड नको, कागद नको, काय करणार ते जेवता जेवता सांगा.

बिचारे सुरू करायचे, "भारत हा कृषिप्रधान देश आहे..."

"साकु!" पुरे! "हे दिल्लीला ठाऊक आहे. तुम्ही काय करणार?"

"या संदर्भात प्रयत्न करण्यात येईल..."

"कोण करणार? शेजारचे?"

मोठमोठे पीएचडी झालेले लोक घास हातात धरून बघत राहायचे. मला हसू आवरायचं नाही, म्हणून मी आत दही आणायला पळायची. किती दही खपलं असेल आपल्याकडं!

आणि मग सविता आली.

खांद्याला कापडी पिशवी, पायात धुळीच्या चपला, सांगोल्याकडून दोन एसट्या बदलून. कॉलेजात प्राणीशास्त्र शिकवते म्हणाली. घरची मेंढरं. लहानपणी कळपामागं फिरत फिरत अभ्यास केलेला. तुम्ही म्हणालात, "हेळ्री," आणि ती जरा अवघडून बोलायला लागली.

"मॅडम, दुष्काळात गुरं वाळत्यात, पण आमची मेंढरं टिकत्यात. बाभळीच्या शेंगा खात्यात. त्या शेंगांत टॅनिन असतंय, लई तुरट. त्यानं खरं तर पचन बिघडायला पायजे. पण यांचं बिघडत न्हाय. म्हंजे यांच्या पोटात कुणीतरी हाय, कसले तरी जीवाणू, जे ते टॅनिन फोडत्यात. मला ते शोधायचेत. ते गावले तर दुसऱ्या जनावरांनापण दुष्काळात तोच चारा चालंल की!"

तुम्ही एकदासुद्धा साकु म्हणाला नाहीत! तुमच्या ताटातली भाकरी तशीच राहिली. मला त्या क्षणी कळलं, ही मुलगी तुमच्या मनात बसली.

मग तुम्ही तिच्या अर्जाचं पहिलं पान उघडलंत आणि चष्मा काढून टेबलावर ठेवलात. सगळ्यात वर प्रेरणास्थान म्हणून संस्थेचे अध्यक्ष. खाली मार्गदर्शक, प्राचार्य. मुख्य संशोधक, विभागप्रमुख सर. सहसंशोधक, विभागातले दोन ज्येष्ठ. आणि अगदी तळाशी सविता.

"काय गं, ही लग्नपत्रिका आहे का?" तुम्ही म्हणालात. "आशीर्वाद, निमंत्रक, प्रेषक, सगळे मानानं बसवलेस. आणि ज्या पोरीचं लग्न आहे ती कुठं? चिमुकल्यांच्या ओळीत? 'आमच्या सरांच्या प्रोजेक्टला यायचं हं!'"

मी खो खो हसले. सविताही हसली, पण तिचे डोळे भरले.

कारण याच पानापायी तिचा पहिला अर्ज गेला होता. दिल्लीत बसलेल्या परीक्षकांना आपले मानपान कुठले कळायला? ते पहिलं नाव बघतात आणि त्या माणसानं या विषयात काय केलंय ते शोधतात. सरांचं सगळं आयुष्य गेलं तलावातल्या माशांमध्ये. शेरा आला होता, मुख्य संशोधकाचा मेंढ्यांशी संबंध दिसत नाही. आता दिसणार कसा?

"मग सरांनी सांगितलं होतं का, माझं नाव वर घाल म्हणून?" तुम्ही विचारलंत.

"न्हाय वो, ते कशाला सांगतील? मीच घातलं. त्यांनी मला नोकरीला लावलं मॅडम. त्यांचं नाव खाली कसं घालू? लोकं म्हणतील, मेंढरामागची पोरगी, चार बुकं शिकली आणि सरांच्या डोक्यावर जाऊन बसली."

आणि आई, तुम्ही गप्प बसलात! कुलगुरूंच्या तोंडावर साकु म्हणणाऱ्या तुम्ही, "बघू," एवढंच म्हणालात. आपण तिची भाषा सुधारली, प्रयोगांचा क्रम लावला, बजेट नीट केलं, आणि नावं तशीच ठेवून अर्ज पाठवला. व्हायचं तेच झालं. पुन्हा नकार, पुन्हा तोच शेरा.

त्या दिवशी मी तुमच्याशी भांडले. खरं सांगते, आजही माझा राग पुरता गेलेला नाही. तुम्ही मेथी निवडत होतात. मी म्हटलं, "सगळ्यांना दटावता, मग तिला का नाही दटावलंत? तुम्हाला दिसत होतं की!"

तुम्ही मान वर केली नाहीत. म्हणालात, "मी कोणत्या तोंडानं सांगू? मीही तेच केलं होतं."

मग पहिल्यांदा मला कळलं. माळरानातल्या गवताच्या बियांवरचं ते काम, ज्याच्यासाठी तुम्ही वळसंगपासून अक्कलकोटपर्यंत उन्हातान्हात हिंडलात, संगमेशला पाठीशी बांधून, ते तुमच्या विभागप्रमुखांच्या नावावर होतं. तुम्हीच घातलं होतं त्यांचं नाव. कुणी मागितलं नव्हतं. मग त्यांना भाषणांची बोलावणी यायला लागली, आणि ते भले गृहस्थ प्रत्येक ठिकाणी सांगायचे, "आमच्या मॅडमनी यात खूप मदत केली."

"मदत!" तुम्ही म्हणालात आणि मेथीची अख्खी काडी भाजीत टाकलीत. तुमच्या हातून अशी मेथी मी कधी बघितली नव्हती.

मी तेव्हा म्हटलं होतं, त्याच तोंडानं सांगायचं होतं तिला. तुमच्याइतकं पटवून दुसरं कुणी सांगितलं असतं? आजही तेच म्हणते. रागवा हवं तर.

पण तेव्हा वाद घालायला वेळ कुठं होता? तुमचं दुखणं सुरू झालं. इकडं त्या योजनेला वयाची अट. सविताला एकच खेप राहिली होती, पुढच्या वर्षी तिला अर्जच करता आला नसता. दवाखान्यात तुमच्या उशाशी बसून मी तिचा मसुदा वाचून दाखवायची. एकदा तुम्ही माझा हात धरून म्हणालात, "तू सांग तिला. माझ्यानं झालं नाही ते तू कर."

मी रडायला लागले. तुम्ही थोडा दम खाल्लात आणि म्हणालात, "आणि उद्दिष्टं कमी कर. पाच कशाला? तीन बास."

त्यानंतर तुम्ही माझ्याशी काही बोलला नाहीत. लोकांच्या सासवा जाताना सुनेला घर सांभाळ म्हणतात, लेकाला सांभाळ म्हणतात. माझी सासू उद्दिष्टं कमी कर म्हणून गेली! हे मी कुणाला सांगितलं तर खरं तरी वाटेल का?

तुमचं सगळं आटोपल्यावर सविता आली. तुमच्या खुर्चीकडं बघतच नव्हती. म्हणाली, "राहू द्या ताई. मॅडमच न्हाईत, आता कशाला? माझ्या नशिबातच न्हाय ते."

"साकु!" मी ओरडले.

आई, माझ्या तोंडून तो शब्द पहिल्यांदाच निघाला. मीच दचकले. सविता तर उभीच राहिली. मग मी तिला भाकरी वाढली आणि सांगितलं, उद्या आपण सरांच्या घरी जायचं. तुझं नाव वर घालायचंय हे तू त्यांना तोंडानं सांगायचं. मी शेजारी बसते.

गेलो. दुपारची वेळ, उन्हानं डांबर पाघळलेलं. सर सदरा घालून पंख्याखाली बसले होते. त्यांच्या पत्नीनं कोकम सरबत दिलं. सविता ओढणीचं टोक पिळत बसली. मी उन्हाबद्दल बोलले, पाण्याबद्दल बोलले, रस्त्यांच्या खड्ड्यांबद्दल बोलले. शेवटी तिला कोपरानं ढोसलं.

"सर," ती म्हणाली, "या टायमाला... म्हंजे तुमी रागावू नका... पण या टायमाला मुख्य संशोधक म्हणून मी माझं नाव घालू का?"

सर उठले आणि आत गेले. सविता माझ्याकडं अशी बघत होती की पुढच्या एसटीनं गावाकडं पळून जाईल. सरांच्या पत्नीसुद्धा हातातला ट्रे घेऊन तशाच उभ्या.

सर बाहेर आले ते कागदांचा हा एवढा गठ्ठा घेऊन. धप्पकन टेबलावर टाकला. सगळे मेंढ्यांवरचे शोधनिबंध! पेन्सिलीनं खुणा केलेले, समासात टिपा लिहिलेले.

"पोरी," ते म्हणाले, "मला वाटलं तुला माझी गरज आहे म्हणून माझं नाव घातलंस. नको म्हणालो तर तुझं मन मोडेल. मग म्हटलं, नाव आहे तर निदान कळायला तरी पाहिजे. म्हणून या वयात मेंढीचं चार कप्प्यांचं पोट पाठ करत बसलोय! माझा मासा बिचारा एका साध्या पोटात भागवतो."

"घरात मेंढ्यांशिवाय दुसरं बोलणं न्हाई वो," त्यांच्या पत्नी म्हणाल्या. "जेवताना पण रवंथ कसं करतात तेच."

सविता घाबरतच म्हणाली, "म्हंजे सर, तुमी रागावला न्हाईत?"

"रागावलोय की! आधीच का नाही बोललीस?"

काय म्हणावं या आपल्या लोकांना! ती मान म्हणून बोलली नाही, ते मन म्हणून बोलले नाहीत, आणि दोघांच्या सभ्यपणात दोन अर्ज बुडाले. मी तिथं बसून हसतही होते आणि रडतही होते. सविताला वाटलं, मला ऊन लागलं.

पण येताना रिक्षात माझ्या मनात आलं. आई, तुमचे विभागप्रमुखसुद्धा असेच बसले असतील का? तेही वाट बघत असतील का, की या मॅडम कधीतरी बोलतील आणि माझी सुटका होईल? एकदा विचारून तरी बघायचं होतं तुम्ही! फार फार तर काय, चहा न पाजता घालवलं असतं.

मग आम्ही दोघी अर्जाला भिडलो. उद्दिष्टं तीन केली. हो, तीनच! प्रेरणास्थान गेलं, मार्गदर्शक गेले. सरांनी विभागप्रमुख म्हणून जिथं सही करायची तिथं सही केली, आणि वर मला म्हणाले, टॅनिनच्या परिच्छेदात एक संदर्भ जुना आहे, तो बदला. वाचलेलं वाया घालवणारा माणूस नव्हे तो.

एका वाक्यावर मात्र माझं आणि सविताचं जुंपलं. तिनं लिहिलं होतं, परिसरातील मेंढपाळांकडून नमुने गोळा करण्यात येतील. मी विचारलं, "कोण मेंढपाळ?"

"आमचे आबा की. दुसरं कोण?"

"मग तसं लिही."

"ताई, हसतील वो."

"कशाला हसतील? दुसऱ्या कुठल्या शास्त्रज्ञाकडं स्वतःच्या घरचा कळप आहे? कळप कुठं चरतो, काय खातो, कुठली मेंढी कधी व्याली, हे दुसरं कोण सांगणार? लोक ज्याच्यासाठी तडफडतात ते तुझ्या अंगणात उभं आहे आणि तू ते लपवतेस?"

तिनं लॅपटॉप स्वतःकडं ओढला. मग स्वतःच टाइप केलं, संशोधक मेंढपाळ कुटुंबातील असून अभ्यासाचा कळप तिच्या घरचा आहे, वर्षभर नमुने मिळण्याची खात्री आहे. टाइप करून ती ताठ बसली. मला वाटतं, सविता त्या दिवशी मुख्य संशोधक झाली.

निवड झालेल्यांची मुलाखत ऑनलाइन होती. तिच्या गावात नेट धड चालत नाही म्हणून ती आपल्याकडं आली. तुमच्या टेबलावर लॅपटॉप मांडला. पाठीमागचं फडताळ मी चादर टाकून झाकलं. सगळं कसं छान. मुलाखत सुरू झाली आणि नळानं फुस्स केलं.

पाणी!

त्या दिवशी आपल्याकडं पाण्याची पाळी नव्हती. कुठंतरी जलवाहिनी फुटली होती, म्हणून आधीचं पाणी आलं नव्हतं आणि ते नेमकं आता आलं. पाच दिवसांनी! आपल्या डोक्यावर राहणाऱ्या पद्माकाकूंची पाण्याची मोटार, ती सुरू झाली की आपली भिंतसुद्धा बोलते हे तुम्हाला माहीतच आहे. घर्रर्र! सविता दिल्लीकरांना जीवाणू सांगतेय आणि तिच्या डोक्यावर गिरणी चाललीय.

मी अनवाणी वर धावले. "काकू, मोटार बंद करा!"

"येडी झालीस का गं? पाच दिवसांनी आलंय!"

"अर्धा तास फक्त!"

"अर्ध्या तासानं पाणी राहतंय का?"

"काकू, मॅडमचं अर्धं राहिलेलं काम आहे हो हे. पाया पडते."

काकूंनी माझ्याकडं बघितलं. आई, सोलापुरात माणूस किडनी देईल पण आलेलं पाणी सोडणार नाही. काकूंनी बटण बंद केलं! आणि एवढ्यावर थांबल्या नाहीत. पदर खोचून जिन्यात उभ्या राहिल्या आणि सगळ्या बिल्डिंगला दम भरला, "कुणी मोटार लावायची न्हाई! खाली पोरीची परीक्षा चाललीय!" समोरचे काका बादली घेऊन बाहेर आलेले, तसेच आत गेले.

मी खाली येऊन दाराला कान लावला. कुणीतरी सविताला विचारत होतं, हे काम तुम्हीच का करावं? दुसऱ्या मोठ्या संस्थेनं का नाही? आतून खट्ट असा आवाज आला. तिनं स्लाइड बंद केल्या होत्या, हे मला सवितानं नंतर सांगितलं. साध्या, सरळ इंग्रजीत ती बोलली, "ज्या मेंढ्यांवर मी काम करणार आहे, त्यांच्यातल्या बहुतेकींना मी नावानं ओळखते."

पलीकडं हसू फुटलं. एकानं विचारलं, नावं सांगा बघू. तिनं धडाधडा सांगितली. बानू, चांदी, कानफाटी, राणी. आणि त्याच दमात, यातली कुठली जास्त शेंगा खाते, कुठलीचं पोट कधी बिघडलं, आणि पहिला नमुना कुणाचा आणि का घेणार! मग तिला कुणी थांबवलंच नाही. टॅनिनवर एकानं खोचक विचारलं, तिनं त्याचंही उत्तर दिलं. "मला हे अजून माहीत नाही, तेच शोधायला पैसे मागतेय," असंही एका ठिकाणी सांगितलं. मी दाराबाहेर हवेत मुठी मारत होते. पाणी गेलं होतं. बिल्डिंगमध्ये कुणाचीच टाकी भरली नव्हती. आणि मला जराही वाईट वाटत नव्हतं!

आज निकाल आला. शेरा काय आहे ऐका, मुख्य संशोधक या कामासाठी सर्वाधिक योग्य आहेत. तिनं मला तो फोनवर तीनदा वाचून दाखवला. सरांचा फोन आला, "चला, आता मला माझ्या माशांकडं जाऊ द्या." सविताच्या आबांनी विचारलं म्हणे, "म्हंजे मेंढरं सरकारनं घेतली का काय?" ती म्हणाली, "न्हाय आबा, मेंढरं आपलीच. सरकार मला त्यांच्यावर शिकायला पैसं देतंय." आबा म्हणाले, "मग एवढ्या वर्सांचं माझंबी बिल लाव की त्यात!"

पद्माकाकूंना पेढे दिले. त्यांनी दोन घेतले, एक मोटार बंद केल्याचा.

आता शेवटचं सांगते, आणि हे सांगायला जरा जीव घट्ट करावा लागतोय.

दुपारी माळशिरसच्या एका कॉलेजातून फोन आला. प्रपोजल कसं लिहावं यावर प्राध्यापकांसाठी कार्यशाळा घ्यायची आहे, मी येऊन बोलावं. मी हो म्हटलं. मग ते गृहस्थ म्हणाले, "कार्यक्रमपत्रिका छापायला टाकायचीय. वरती 'कैलासवासी प्राध्यापिका महानंदा मॅडम' असं मोठ्या अक्षरात घालू, आणि खाली 'यांच्या स्नुषा', चालेल ना?"

मी तोंड उघडलं. हो, चालेल की, असं म्हणायला! शप्पथ सांगते आई, ओठावर होतं. तुमच्या वर माझं नाव? मला ते सुचलंसुद्धा नव्हतं. तुम्ही गेल्यापासून प्रत्येक ईमेलखाली मी तुमचंच नाव आधी लिहीत आले. आणि सविताला स्वतःचं नाव वर घालायला मीच तर लावलं होतं!

मी त्यांना म्हटलं, "थांबा. माझं नाव घाला. वर काही नको, खाली काही नको." मग ते म्हणाले, "बरं मॅडम." मला, मॅडम! तुम्हाला वाईट वाटलं का हो? नसेल वाटलं. तुम्ही टेबलावर थाप मारली असती.

म्हणून तुम्हाला शब्द देते. या टेबलावरून यापुढे जो अर्ज जाईल, त्याच्या पहिल्या ओळीत ज्याचं काम त्याचंच नाव जाईल. कुणी मानाचं नाव पुढं करून आलं, तर त्याला मी सरांच्या घरी नेईन, माशांच्या नाही तर आणखी कसल्या सरांच्या, आणि तोंड उघडायला लावीन. माळशिरसला मी माझ्या नावानं उभी राहीन. आणि उभी राहिल्यावर सगळ्यात आधी त्या भरलेल्या सभागृहाला सांगेन, की माळरानातल्या गवताच्या बियांवरचं ते सगळं काम प्राध्यापिका महानंदा यांचं आहे. मदत नाही. काम.

ज्योती
प्रपोजल सल्लागार, सोलापूर